मानाची जागा आणि माशाचा घास

पशू उभ्यानं खातो, बायका-मुलं बसून खातात आणि सभ्य पुरुष आडवा होऊन जेवतो. संस्कृतीच्या या तीन पायऱ्यांबद्दल आम्हां रोमकरांत दुमत नाही. आडव्यानं गिळणं घशाला पसंत नाही. पण घशाचं मत मागवण्याची पद्धत नाही.

कॅल्विसियसच्या मेजवानीला रीतीप्रमाणे तीन मंचक होते आणि त्यांवर आम्ही नऊ पुरुष. नूमिसियसला प्रथमच यजमानाशेजारची मानाची जागा लाभली होती. (त्यासाठी त्यानं अनेक वर्षं यजमानाच्या कविता ऐकल्या होत्या, त्याही जागेपणी.) मी शेवटच्या मंचकावर, अगदी टोकाला. तिथून दिसतं सगळं, पोचत काही नाही.

अंडी, ऑलिव्ह आणि मध घातलेली दारू हा पहिला टप्पा सुरळीत पार पडला. दुसऱ्यात मासा आला आणि त्याचा घास नूमिसियसच्या घशात अडकला. तो आधी लाल झाला, मग जांभळा.

"वा! दारू मानवली बरं का तुला," यजमान म्हणाला.

समोर खुर्चीवर बसलेली नूमिसियसची बायको ओप्पिया ओरडली, "अहो, घास अडकलाय! उठून बसा आधी!"

नूमिसियसनं मान हलवली. मानाच्या जागेवर पुरुष उठून बसल्याचं उदाहरण नाही. (मेल्याची आहेत. ते चालतं, आडवंच असतं.)

"वहिनी, जरा दमानं," यजमान म्हणाला. "रानडुक्कर येऊ द्या, मग बघू."

"तोवर हे जातील!"

"जातोय कुठं? अजून फळं व्हायचीत."

ओप्पिया उठली. नवऱ्याची मानगूट धरून तिनं त्याला बसतं केलं आणि पाठीत असा धपाटा घातला, की घास थेट यजमानाच्या ताटात. नूमिसियस वाचला. हा अपमान बघवेना म्हणून आम्ही माना खाली घातल्या. तेवढ्यात डुक्करही आलं होतं.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. तो घरी बसून कोबी खातो. परवा भेटायला गेलो तर डोळ्यांत पाणी. म्हणाला, "हिनं घाई केली रे! काय जागेवर मरत होतो मी!"

"बरं," ओप्पिया आतून म्हणाली, "उद्या मासाच आणते."

कॅल्विसियसकडे आम्ही सगळे एकेक जागा वर सरकलो आहोत.

एवढ्या पुरुषांतून एकही कसा उठला नाही, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण तो जांभळा पडत होता तेव्हा तुम्हाला हसू येत होतं, नाही का? मग या. माझ्या खालची जागा रिकामी आहे.