गजभिये साहेब आणि न उघडणारं दार

नवी छत्री आणली की आमचे शेजारी गजभिये साहेब ती आधी बाथरूममध्ये नेतात, शॉवरखाली उघडतात आणि घड्याळ लावून वीस मिनिटं तिच्याखाली उभे राहतात. अंगात ऑफिसचे कपडे असतात. बाहेर आल्यावर उजवा खांदा किती भिजला, डावा किती, हे वहीत लिहून ठेवतात. हॉलंडमधल्या नायमेखनमध्ये राहायचं तर छत्री लागतेच आणि इथल्या वाऱ्यात ती उलटतेच, त्यामुळे हा कार्यक्रम वर्षातून दोन-तीनदा होतो. आमच्या दोन घरांत भिंत एकच. भलत्या वेळी पलीकडे शॉवर सुरू झाला की माझी बायको म्हणते, "आणली वाटतं नवी."

साहेब मूळचे नागपूरचे. इथल्या एका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेली सतरा वर्षं तपासणी विभागात आहेत. त्यांचं काम म्हणजे चांगल्या चालणाऱ्या चिप घ्यायच्या, भट्टीत भाजायच्या, मग गोठवायच्या, मग पुन्हा भाजायच्या आणि त्या कधी मरतात ते बघत बसायचं. सतरा वर्षं हेच केल्यावर माणसाचा कशावर विश्वास राहणार? "जे फुटलं नाही, ते तपासलंच नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका लग्नात त्यांनी हे नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन ऐकवलं. तेव्हापासून आहेर द्यायला गजभिये वहिनी एकट्याच स्टेजवर जातात.

सायकलचं नवं कुलूप घेतलं तेव्हा साहेबांनी ते स्टेशनबाहेर स्वतःच्याच सायकलला लावलं आणि भर दुपारी करवतीनं कापायला बसले. एका डच आजींनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले. साहेबांनी सायकलची पावती दाखवली, कुलपाची दाखवली, करवतीचीही दाखवली आणि वर पोलिसांनाच शाबासकी दिली. "नऊ मिनिटांत आले बे," ते मला कौतुकानं सांगत होते. "पण कुलूप सात मिनिटांतच गेलं."

मी स्वतः फार भोळा आहे अशातला भाग नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि "माझ्याकडे तर चालतंय" म्हणणाऱ्या माणसावर माझाही काडीचा विश्वास नसतो. शिवाय मला नाक खुपसायची सवय आहे, हे बायको सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि आवाज खाली करून बोलू लागल्या, तेव्हा मी हातातला चहा बाजूला ठेवला.

"विवेकभाऊ, हे दर शनिवारी नाश्ता झाला की माळ्यावर जातात आणि कडी लावून घेतात. आतून बाईचा आवाज येते."

"काय म्हणते बाई?"

"वेलकम बॅक, कॅप्टन."

"आणि साहेब काय म्हणतात?"

वहिनींनी एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं. "हे म्हणतात, 'दार उघड.' आज तीनदा म्हणाले. मग मी खालीच आले."

माझ्या बायकोनं लगेच डोळे मोठे केले. मला मात्र इंटरनेटवर गोड बोलून म्हाताऱ्यांना गंडवणाऱ्या टोळ्या आठवल्या. साहेब छप्पन्नचे, म्हणजे तसे म्हातारे नव्हेत. पण ज्याला जगातल्या एकूण एक गोष्टीचा संशय येतो, तोच माणूस भलत्या ठिकाणी हमखास फसतो असा माझा अनुभव आहे. मी ड्रिल मशीन मागायचं निमित्त काढलं आणि त्यांच्या माळ्यावर पोचलो.

कडी निघायला वेळ लागला. तेवढ्यानंही माझा संशय वाढला. आत दोन मोठे स्क्रीन, विमानात असतो तसला दांडा, वही, आणि टेबलावर तापमान मोजायचं यंत्र. स्क्रीनवर एक अवकाशयान.

"साहेब, खेळताय होय?"

"खेळून नाही राहिलो," साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "तपासून राहिलो."

तो अंतराळाचा खेळ अजून पुरता झालेलाही नव्हता. अर्धवट असतानाच विकायला काढायचा, लोकांनी खेळता खेळता चुका कळवायच्या आणि बनवणाऱ्यांनी त्या दुरुस्त करायच्या, अशी ती पद्धत. यान नुसतं चालू करायला त्रेचाळीस बटणं. साहेबांनी त्यांची यादी भिंतीवर चिकटवली होती. मला स्टुलावर बसवून ती मोठ्यानं वाचायला लावली. मी म्हणायचं "इंधनाची झडप," त्यांनी म्हणायचं "उघडी." सोडवायला आलेला मी पाऊण तास झडपा वाचत होतो. पण शेवटी यान स्थानकातून सुटलं, खिडकीत एक कडीवाला पांढुरका ग्रह वर आला, सगळं शांत झालं, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

तो काटा खाली बसायच्या आत आमचा खलाशी कमरेपर्यंत भिंतीत रुतला. तसाच अर्धा राहून तो आम्हाला सलाम करत होता. मग सूर्य उगवला, आणि चार मिनिटांनी पुन्हा उगवला. आम्ही बटाट्यांची पोती घेऊन निघालो होतो; ती यानाच्या तळातून खाली पडली आणि बाहेरून आमच्या मागे मागे येऊ लागली. कसेबसे स्थानकावर परतलो. दाराशेजारी हिरवा दिवा लागला. "वेलकम बॅक, कॅप्टन," यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली.

"दार उघड," साहेब म्हणाले.

दार उघडलं नाही. यंत्र मात्र बंद पडलं.

दुसरा कुणी असता तर पैसे परत मागितले असते. साहेबांचा चेहरा फुलला होता. त्यांनी वही ओढली आणि लिहायला घेतलं: दोष क्रमांक दोनशे अकरा, खोलीचं तापमान एकोणीस अंश, हवेतला दमटपणा इतका इतका.

मला हसू आवरेना. "साहेब, सॉफ्टवेअरच्या चुकीचा आणि खोलीच्या तापमानाचा काय संबंध?"

"संबंध नाही हे तू तपासलं काय?"

मी स्टुलावरून उठलो. खाली जाऊन वहिनींना सांगितलं, की बाई यंत्रातली आहे, काळजी नसावी. त्यांना हायसं वाटलं. माझ्या बायकोची जराशी निराशाच झाली.

पण मला दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक म्हणजे साहेब हे सगळं 'निरीक्षक सात' अशा खोट्या नावानं पाठवत होते. ज्यानं पोलिसांना करवतीची पावती दाखवली, त्याला नाव लपवायची काय गरज? आणि दुसरी म्हणजे खेळ सुरू होताना बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकतात, तेव्हा त्यांनी घाईनं बटण दाबून ती पुढे ढकलली. दह्याच्या डब्यावरची अक्षरं शेवटपर्यंत वाचणारा माणूस हा. मी घरी येऊन तो खेळ शोधला. इथल्याच हार्लेम शहरातली छोटीशी कंपनी. अकरा नावं होती. आठवं होतं उत्पला गजभिये.

उत्पला म्हणजे साहेबांची एकुलती एक मुलगी. एनस्खेडेच्या विद्यापीठात चिपचंच शिकत होती, साहेबांच्या वाटेनं. दोन वर्षांपूर्वी शिक्षण अर्धं सोडलं आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, की मी खेळ बनवणाऱ्या कंपनीत जातेय. "सहा महिन्यांत फुटेल ते," साहेब म्हणाले. ती ताटावरून उठली, सायकल काढली आणि स्टेशनवर गेली. तेव्हापासून बापलेकींचं बोलणं बंद आहे. वहिनी तिच्याशी रोज फोनवर बोलतात. त्या वेळी साहेब शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करतात. हे मला कसं माहीत? सांगितलं ना, भिंत एकच आहे.

ते नाव वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मी तिथे टोळी शोधायला गेलो होतो. तिथे एक बाप दर शनिवारी कडी लावून लेकीच्या कामाला हात लावत बसला होता. तिला कळू न देता. मी हे कुणाला बोललो नाही. उलट दर शनिवारी झडपा वाचायला जायला लागलो.

मार्चमध्ये घोटाळा झाला. लोक त्या खेळावर आधीच वैतागले होते. त्यातल्या एकानं निरीक्षक सातचे सगळे रिपोर्ट एकत्र करून इंटरनेटवर टाकले आणि वर लिहिलं, की एकट्या माणसाला जवळजवळ तीनशे चुका सापडल्या, हा कचरा कुणी विकत घेऊ नका. त्याखाली शेकडो लोकांनी माना डोलावल्या. आता कंपनी हा खेळच गुंडाळणार अशी चर्चा सुरू झाली. साहेबांनी मला ते पान दाखवलं.

"माझ्याच वहीतलं आहे रे. स्वल्पविरामासकट."

त्या दिवशी त्यांनी यंत्रावर जुना टॉवेल टाकला. पुढचे तीन शनिवार ते खिडक्या पुसत होते. तिसऱ्या शनिवारी मी शिडी धरायला गेलो, तर वरूनच म्हणाले, "मला वाटे, सगळं फोडून पाहिलं म्हणजे पोरीचं काम मजबूत होईन. मी तिलेच फोडून राहिलो होतो, विवेक." तिचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच केला. मला फार वाईट वाटलं. मी शिडी धरून उभा राहिलो.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. दरवर्षी आम्ही कुठला तरी खेळाचा हॉल भाड्यानं घेतो आणि देशभरातून आपली माणसं येतात. साहेबांकडे माईकची जबाबदारी असते. ते इतका वेळ "वन टू थ्री" करतात, की वक्त्यांना कमी वेळ उरतो. उत्पलाही हार्लेमहून आली होती. दोघं हॉलच्या दोन टोकांना. ती जेवणाच्या टेबलामागे भात वाढत होती. माझ्या ताटात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "काका, दोन मिनिटं बाहेर येता?"

बाहेर सायकलींच्या रांगेपाशी तिनं विचारलं, "बाबांची तब्येत ठीक आहे ना? तीन वीक्स झाले, रिपोर्ट नाही आला."

मी वेड पांघरलं. "कसला रिपोर्ट?"

"काका, प्लीज. सॉफ्टवेअरच्या बगमध्ये रूम टेम्परेचर कोण लिहितं? ह्युमिडिटी? तिसऱ्याच रिपोर्टला कळलं मला. तेव्हापासून निरीक्षक सातला सगळे रिप्लाय मीच लिहिते. दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नाही."

"मग खेळ बंद होतोय का?"

"माहीत नाही. जूनपर्यंत बघणार म्हणतात. पण जेवढं नीट झालंय ना, ते बाबांच्या रिपोर्ट्समुळे. टीममध्ये सगळे विचारतात, हा माणूस कोण?" ती खाली बघून सायकलची घंटी बोटानं फिरवत होती. "ते स्टेशनचं दार आहे ना, न उघडणारं. ते मी जानेवारीतच फिक्स केलंय. दहा मिनिटांचं काम होतं. फक्त रिलीज नाही केलं."

"का गं?"

"बाबा दर शनिवारी त्याच्यावर लिहायचे ना. ते उघडलं असतं तर एक रिपोर्ट कमी आला असता."

डोळे पुसून ती म्हणाली, "त्यांना सांगू नका हं." मी शब्द दिला. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि या वेळी तो भिजवायची माझी इच्छाही नव्हती. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळीच मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं, दारासकट.

साहेबांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "हे ती म्हणाली, का तू बनवून सांगून राहिला?"

"ती म्हणाली."

"तिसऱ्या रिपोर्टपासून?"

"हो."

"म्हणजे मग तिनं सगळे वाचले."

"सगळे. उत्तरंही तिनंच लिहिली."

वहिनी हातात उलथनं घेऊन दारात उभ्या होत्या. साहेब उठले, माळ्यावर गेले, आणि मला कुणी बोलावलं नसताना मीही मागोमाग गेलो. त्यांनी टॉवेल काढला. दोष कळवायचा कोरा फॉर्म उघडला आणि त्यात पहिल्यांदाच मराठीत लिहायला घेतलं. बोटं अडखळत होती.

पहिला रकाना होता, काय व्हायला हवं होतं. साहेबांनी लिहिलं, "त्या रविवारी मी तुझं पूर्ण ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

दुसरा रकाना, प्रत्यक्षात काय झालं. "न तपासता नापास केलं."

तिसरा रकाना होता, दोष पुन्हा घडतो का. खाली वहिनींनी पाण्याचा नळ बंद केला, तेही ऐकू आलं. मग त्यांनी "नाही" लिहिलं, आणि एकदाही परत न वाचता पाठवून दिलं.