दोनशे तेवीस पिंपं आणि एक खिडकी

सेतुअण्णा कुठल्याही बोटीचं चित्र हातात आलं की आधी ते उलटं धरतात. वर्तमानपत्रातलं मालवाहू जहाज असो की कॅलेंडरवरची शिडाची होडी. उलटं धरून, डोळे बारीक करून, बुडाकडे बघत राहतात. "खालचें आधी," म्हणतात. "वरचें काय, कोणीही सजवील."

कुंभकोणमहून समुद्र साठेक किलोमीटर लांब. कावेरीला वर्षातले काही महिने पाणी, बाकी वाळू. अशा गावात बोटींविषयी अधिकाराने बोलणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. त्यांचा अधिकार पोकळ नाही, हे आधी नोंदवतो. आमच्या गल्लीच्या टोकाला देवळाचं तळं आहे. तिथे दर वर्षी तै महिन्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, तेप्पम् होतं. रिकामी पिंपं बांधून तराफा करायचा, त्यावर मंडप उभारायचा आणि देव-देवीला त्यात बसवून तळ्याच्या तीन फेऱ्या घालायच्या. शाळेत ड्रॉइंग मास्तर असल्यापासून, गेली तीस वर्षं, हा तराफा अण्णा बांधतात. आठ ओळी, ओळीत बारा, एकूण शहाण्णव पिंपं. तीस वर्षांत देवाचं उपरणंदेखील भिजलेलं नाही.

मी तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत रेशीम तोलून देतो. त्यामुळे अण्णा मला तराजूराव म्हणतात. तेप्पमच्या संध्याकाळी वेळ लिहायची वही माझ्याकडे असते. तराफा कितीला सुटला, कुठल्या कोपऱ्यावर कितीला पोचला, सगळं. घड्याळात दिसतं तेच वहीत लिहायचं, हा माझा नियम. अण्णांच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर गेली पाच वर्षं तराफा दर फेरीला एक मिनिट चाळीस सेकंद थांबतो. कारण विचारलं की अण्णा म्हणतात, "पिंपें तपासतों." पिंपं तर पाण्याखाली. ती वरून कशी तपासतात, हे मला कधी कळलं नाही.

तर या अण्णांना गेल्या पावसाळ्यात खरोखरीची, इंजिनाची, आलिशान बोट निवडायची वेळ आली.

बोट त्यांची नव्हती. त्यांचा भाचा चीनू दुबईला असतो. धंद्यात त्याचं बरं चाललंय. तो वीस मीटर लांबीची मोटर यॉट घेणार होता. दोन पसंत केल्या होत्या आणि दोन्हींची माहितीपुस्तकं मामाला पाठवली होती. चीनूची आई तुंगा, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, पक्षाघाताने वर्षभर अंथरुणावर होती. ती आता चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला समुद्रावर न्यायचं, आठ-आठ दिवस ठेवायचं, असं चीनूच्या मनात होतं.

"मामा, तुम्ही म्हणाल ती घेतों," तो फोनवर म्हणाला. "शुक्रवारपर्यंत सांगा. अम्मा आयुष्याचे राहिलेले दिवस छताकडे बघत काढेल, तें मजला सोसत नाही."

मागून तुंगाक्काचा अडखळता आवाज आला. "अण्णा, त्याला सांग रे. मजला तेप्पमात घालून कसाला फिरवितो? मी काय देव?"

आम्ही घरात अशी जुनी, तंजावरची मराठी बोलतो आणि उंबरठ्याबाहेर तमिळ. अण्णांनी मात्र त्या आठवड्यात उंबरठ्याबाहेरही मराठीच बोलायला सुरुवात केली. ते फार गंभीर झाल्याचं हे लक्षण.

पहिली बोट पांढरी, निमुळत्या नाकाची, बाजूंना लांबच लांब काचा. दुसरी निळी, रुंद, बसकी, उंच कठड्यांची. अण्णांनी दोन्ही उलट्या धरून पाहिल्या आणि नावं ठेवली. पांढरी ती नवरी, निळी ती सासू.

"नवरीला पिंपें किती?" त्यांनी मला विचारलं.

पुस्तकात वजन चाळीस टन लिहिलं होतं. दोनशे लिटरचं पिंप स्वतःचं वजन वजा जाता एकशे ऐंशी किलो पेलतं. मी भागाकार केला. "दोनशे बावीस, आणि वर थोडं."

"थोडें म्हणजे? पिंप कापून लावतां येतें काय? दोनशे तेवीस लिही."

सासूचं वजन जास्त होतं, पिंपंही जास्त लागली. अण्णांना ते आवडलं. "बाई ठाम आहे," म्हणाले.

बुधवारी पहाटे मी दार उघडलं तर गल्लीत सासू उभी होती. म्हणजे आडवी होती. अण्णांनी तांदळाच्या पिठाच्या रांगोळीने तिचा पूर्ण मापाचा नकाशा गल्लीत काढला होता. वीस मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत. खोल्या, पायऱ्या, संडास, स्वयंपाकघर, सगळं पांढऱ्या रेघांत. आमच्या हिची रोजची रांगोळी इंजिनाच्या खोलीत गेली होती.

"समुद्र नाही, बोट नाही," ही मला म्हणाली, "आणि माझ्या दारात इंजिन!"

दूधवाला सायकल घेऊन नेहमीसारखा आला. अण्णा ओरडले, "अहो, भिंतीतून कुठें येतां? दार तिकडें!" बिचारा माघारी वळून दारातून आत आला आणि बाहेर जातानाही दारातूनच गेला.

मग अण्णांनी घरातली जुनी चाकांची खुर्ची आणली, मला तीत बसवलं आणि सगळ्या बोटीतून ढकलत फिरवलं. दार किती, वळायला जागा किती, हात पुरतो कुठे. मी टेप धरून आकडे सांगत होतो. दहा वाजेपर्यंत मुंग्यांनी सासूचं स्वयंपाकघर खाऊन टाकलं, पण तोवर मापं झाली होती. गुरुवारी याच रीतीने नवरी काढली. नवरीत मी तीन ठिकाणी अडकलो.

मी हसलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वजनकाट्यावर उभं आयुष्य काढलेला माणूस आहे मी. एखादी गोष्ट घेण्याआधी ती अशी पायाखाली घालून बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोक सोफा घेतात तो कापडाचा रंग बघून.

अण्णांनी काढलेले प्रश्न एकतीस होते. कठडा किती उंच? ओली साडी कुठे वाळत घालायची? कॉफीचं फिल्टर हलणार नाही अशी जागा कुठे? पायऱ्या किती? पलंगापासून संडास किती पावलं? हाक मारली तर किती लांब ऐकू जाईल? गुरुवारी रात्री मी घरी बेरीज केली. सासू चोवीस, नवरी सात. नवरीच्या खोलीला अकरा पायऱ्या, सासूच्या तीन. नवरीच्या दारातून खुर्ची जातच नव्हती. बेरीज मी दोनदा तपासली. शंकेला जागा नव्हती.

शुक्रवारी दुपारी कागद घेऊन मी अण्णांकडे गेलो. ते माडीवरच्या खोलीत होते. ती यमुनावहिनींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची खोली. वहिनी चार वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या काळात अण्णांनी ती खोली अशी काही केली होती की गल्लीतले लोक बघायला यायचे. भिंतीला पितळी मुठी, हाताशी घंटीची दोरी, उंबरठा काढून केलेला उतार. पुढे एकदा त्यांनी चांगली भक्कम भिंत फोडून खिडकी खालपर्यंत आणली, तेव्हा मात्र लोक म्हणाले, मास्तरांचं डोकं फिरलं.

अण्णा त्या पलंगावर उताणे झोपले होते. छातीवर नवरीचं चित्र, या खेपेला सुलटं.

"सासू, चोवीस विरुद्ध सात," मी म्हणालो.

"चीनूला सांगितलें मी. नवरी घे म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अण्णा, खुर्ची जात नाही आत!"

"दार रुंद करतां येतें. पायऱ्यांवर कप्पी लावून पाळणा सोडतां येतो. नकाशे काढून ठेवलेत, ते बघ टेबलावर." टेबलावर खरंच तीन नकाशे होते. "सासूच्या खिडक्या बघितल्यास? कुठें आहेत?"

"वर. छताजवळ. लाट आत येऊ नये म्हणून."

"निजलेल्या माणसाला काय दिसेल?"

मी कागदाकडे पाहिलं. एकतीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

"नवरीची काच पलंगाला लागून आहे," अण्णा म्हणाले. "पुस्तकांत लिहितात, शोभेची. असो शोभेची. बाकी सगळें मागून करतां येईल, तराजूराव. पण बोटीच्या पोटाला भोंक पाडून खिडकी नाही करतां येत. मी भिंत फोडली. समुद्रांत कोण फोडील?"

मी खुर्ची ओढून बसलो. ते छताकडे बघतच बोलू लागले.

"ही खोली मी केली. मुठी केल्या, घंटी केली, सगळें केलें. एकदा तरी या पलंगावर निजून बघितलें नाही. सात महिने ती इथें. मग तेप्पम् झालें. तिन्ही फेऱ्या झाल्या, देव देवळांत गेला, मी वर आलों. ती म्हणाली, 'तेप्पम् सुटलें काय हो? वाजंत्री ऐकूं येते.' खिडकीखालून तीन वेळा गेलें, रे! हिला दिसत होता तो पंखा. सात महिने पंखा बघत होती आणि मजला एक शब्द बोलली नाही. काय तर म्हणे, तुम्ही इतकें केलेंत, आणखी काय मागूं."

ते उठून बसले. "सकाळीं गवंडी बोलावला."

मग त्यांनी मला पलंगाकडे हात केला. "नीज. बघ."

मी निजलो. उशीवर डोकं टेकताच समोर तळं आलं. पायऱ्या, हिरवं पाणी, मधला छोटा मंडप, काठाचं नारळाचं झाड. मान वळवावी लागत नव्हती.

"काय दिसतें?"

"सगळं," मी म्हणालो. आकड्यात सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

घरी येऊन मी तेप्पमच्या जुन्या वह्या काढल्या. कोपऱ्यावरचा पहिला थांबा सापडला तो भिंत फुटल्यानंतरच्या तेप्पमला. त्याआधी पंचवीस वर्षांत एकही नाही.

चीनूने नवरी घेतली, दारं रुंद केली, पाळणा बसवला. दोन महिन्यांनी तुंगाक्काचा फोन आला. "अण्णा, त्याला सांग रे, सगळीकडें पाणीच पाणी. पडदा ओढ म्हणतें तर ऐकत नाही." अण्णांनी तो निरोप मला चार वेळा सांगितला.

या तै महिन्यात नेहमीप्रमाणे तेप्पम् झालं. दिवेलागणीला तराफा सुटला. अण्णा मागच्या ओळीत, हातात बांबू. तो कोपरा आला तशी त्यांनी खूण केली, काठावरून तराफ्याचे दोर ओढणाऱ्यांनी हात थांबवले आणि देव-देवी माडीवरच्या खिडकीसमोर उभे राहिले. खिडकी उघडी होती. आत दिवा लावलेला होता. अण्णा तिकडे बघत नव्हते. ते खाली, पिंपांकडे बघत होते.

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद. वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या रकान्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कारण लिहिलं: पिंपांची तपासणी. सर्व ठीक.