डॉक्टरांच्या तुती आणि माओलिनची जीभ

माओलिननं मनाशी पक्कं ठरवलं होतं, त्या डॉक्टर मिनचं पितळ आज उघडं पाडायचंच! जन्मभर हूचौ शहराच्या रस्त्यांवर बस चालवलेला गडी तो. आरशात नुसती नजर टाकून मागच्या बाकावरचा फुकट्या ओळखायचा. हा सुया टोचणारा कोण लागून गेला!

महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. बायको मेइफन खांद्याला सुया टोचून घेऊन यायची, भाताचा वाडगा हातात घ्यायची आणि सुरू व्हायची. "काय हात आहे डॉक्टरांचा! सुई कधी गेली कळतसुद्धा नाही!" माओलिनच्या हातांबद्दल ती आजवर एवढंच म्हणाली होती की धुऊन ये. त्याच्या पोटात नुसती आग आग व्हायची.

आज तर कहरच झाला. ओट्यावर टोपलीभर तुती, काळ्याभोर, टपोऱ्या, वर ओला फडका!

"हात लावू नकोस, डॉक्टरांसाठी आहेत," असं बजावून मेइफन बाजारात गेली.

डॉक्टरांसाठी! नवऱ्यासाठी कधी फडका ओला केला नव्हता बाईनं! माओलिननं टोपली मांडीवर घेतली, रागारागानं सगळ्या तुती फस्त केल्या आणि तडक दवाखाना गाठला. पाठ दुखते म्हणून सांगायचं ठरलं. ते खोटंही नव्हतं. वर्षभर तो मोजे चढवताना कण्हत होता.

डॉक्टर मिन चाळिशीचा निघाला. डोक्यावर भरगच्च केस! माओलिनचा आणखी जळफळाट झाला. डॉक्टरनं मनगटावर तीन बोटं टेकून डोळे मिटले.

"रिकाम्या पोटी नाही ना आलात, वू काका?"

"छे! चांगला पोटभर खाऊन आलोय!" माओलिन खुनशी हसला.

"छान. जीभ दाखवा."

माओलिननं जीभ काढली आणि डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकला.

"बाप रे! काळीनिळी! काका, काही रंगीत खाल्लंत का?"

आता काय सांगणार, तुमच्याच तुती?

"नुसती पेज!" माओलिन म्हणाला.

"मग रक्त फारच साकळलंय. झोपा. साध्या पाठदुखीच्या सुयांनी भागायचं नाही!"

सुई केसाएवढी बारीक. टोचताना डास चावल्यासारखं वाटलं, पण मग आत जडजड झालं, मुंग्या आल्या. "जड वाटतंय? उत्तम!" असं म्हणत डॉक्टर टोचतच गेला. डोकं, हात, गुडघे, पावलं! पोटावर शेकायचा दिवा रोखला, पडदा ओढला. "आता अजिबात हलायचं नाही हं."

साळिंदर होऊन माओलिन पडला होता, तेवढ्यात पडद्यापलीकडे ओळखीचा आवाज आला.

"या शेन काकू, खांदा कसा आहे?"

शेन काकू म्हणजे त्याचीच मेइफन! तो वू, ती तिकडच्या रीतीनं माहेरचीच शेन, डॉक्टरला बिचाऱ्याला काय पत्ता!

"खांद्याचं राहू द्या. तुमच्यासाठी ठेवलेल्या तुती कुणीतरी खाल्ल्या हो! टोपली चाटूनपुसून साफ!"

"तुती? काळ्या?"

"काळ्याभोर!"

पलीकडे खुर्ची करकरली, पावलं जवळ येऊ लागली. पळावं तर दोन्ही पावलांत सुया! माओलिननं ओठ गच्च मिटले. पडदा सर्रकन सरला.

"म्हाताऱ्या! तू?"

"पाठ दुखते," तो ओठ न उघडता म्हणाला.

"जीभ काढ."

काढली. शेजारच्या खाटेवर एक आजी गालांत सुया घेऊन पडल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की सगळ्या सुया लटलटल्या. "नशीबवान आहेस गं! माझा म्हातारा माझ्यापायी कधी कुणावर जळला नाही!"

माओलिनचा बांध फुटला. "मग काय करू? रोज जेवताना तुझा तो डॉक्टर! माझं कधी कौतुक केलंस?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात हलवायची सोय नाही! मेइफननं रुमाल काढून त्याचे डोळे पुसले.

"अरे गाढवा! वर्षभर 'पाठ दाखव, पाठ दाखव' म्हणून घसा कोरडा केला. जागचा हललास का? शेवटी म्हटलं, दुसऱ्याचं कौतुक करून बघू, धावत जाईल. तरी महिना घेतलासच! आणि त्या तुती, तू आलास की डॉक्टरांनी तुझ्याकडे नीट लक्ष द्यावं म्हणून होत्या!"

"लक्ष तर दिलंच की," डॉक्टर मिन एकेक सुई उपटत म्हणाला. "पुढच्या वेळी निम्म्याच टोचू."

पाठ खरंच मोकळी झाली. आता माओलिन शीळ घालत मोजे चढवतो. घरात डॉक्टर मिनचं नावही निघत नाही. परवा मात्र मेइफननं भाताचा वाडगा हातात घेतला आणि सुस्कारा सोडला.

"समोरचे फेई काय गुणी माणूस आहेत! गळका नळ स्वतःच्या हातानं दुरुस्त केला म्हणे!"

माओलिनला सगळं कळलं. अगदी स्वच्छ कळलं! तरी पोटात आग पेटलीच. वाडगा तसाच ठेवून तो पाना शोधायला उठला.