आधी नग, मग नाव

गुणाजी मास्तरांना मी त्यांचं आडनाव तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, "तुम्हाला बोल्टला आटे पाडून हवेत, की सोयरीक जमवायचीय?"

भिंगारला लष्कराने टाकून दिलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मास्तरांची उद्योगशाळा होती. लढाई नुकतीच संपलेली. शाळेत पोरंटोरं नव्हती, बापये होते. पलटणीतून सुटलेले शिपाई, माग बंद पडलेले विणकर, घोडं मेलेला एक टांगेवाला. पायाने चालवायचा एकच लेथ, आणि हजेरीच्या वहीत नाव ना आडनाव, नुसते आकडे. मास्तर म्हणजे बुटका, काटक माणूस. खाकी अर्धी चड्डी, काळी टोपी, काखेत पिशवी. जगात जे जे पिळून बसतं त्यावर त्यांची नजर. एकदा अर्ज घेऊन मामलेदार कचेरीत गेले. अर्ज राहिला बाजूला, साहेबांच्या दौतीचं झाकण फिरवून म्हणाले, "आटे गेलेत." झाकण खिशात घालून चालते झाले. पट्टेवाला मागे धावला. दुसऱ्या दिवशी मास्तर पितळेचं नवं झाकण बसवून गेले, आणि अर्ज द्यायला पुन्हा विसरले.

आता माझं सांगतो. शेवगावाहून नगरला आलो तेव्हा माझ्याजवळ एक पाना आणि एक हातोडी होती. केडगावला ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं ते माझ्या जिभेच्या जोरावर. भाव पाडण्यात मला कुणी हरवलं नाही. कपात चहा कमी आणि बशी मोठी का, यावरून मी हॉटेलवाल्याशी तासभर भांडलो आहे आणि जिंकलो आहे. पण ऐन मोसमात माझे लेथवरचे टर्नर रसूलभाई यांची नजर अधू झाली. विलायतेचे सुटे भाग लढाईपासून बंद. अंगणात चार इंजिनं उघडी पडलेली. त्यांच्या मालकांच्या विहिरींना पाणी होतं, पण ते वर काढायला काही नव्हतं. नवा टर्नर मिळाला नाही तर दुकानाला कुलूप, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशा वेळी मास्तर आले. रामराम नाही, शामराम नाही. पिशवीतून खाकी फडक्याची गाठ काढली आणि टेबलावर सोडली. आत पाच नट-बोल्ट, प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी.

"हात लावा."

"कुणाचे आहेत?"

"आधी नग, मग नाव."

मी एकेक उचलला. तिसऱ्यापाशी थांबलो. बोटाने नुसतं टिचकावलं, तर नट गिरगिरत बोल्टच्या टोकापर्यंत गेला. लटपट नाही, अडखळ नाही. रसूलभाईंच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, या माणसाला सोडू नका."

"हा माणूस मला हवा," नग परत घेत मी म्हणालो.

"दोन अटी," मास्तर म्हणाले. "दुकानात पाण्याचा माठ सगळ्यांना एकच. आणि रोज चार वाजता तासभर शाळेत सोडायचं, यंत्राच्या भागांचा नकाशा वाचायला. मजुरी कापायची नाही."

हा माणूस गावकुसाबाहेरचा असणार, हे माझ्या लक्षात आलं. माझ्या दुकानात दोन माठ होते, एक आमचा आणि एक रसूलभाईंचा. मी उदार होऊन म्हणालो, "मास्तर, काम सोन्यासारखं आहे. त्याच्यासाठी तिसरा माठ मी स्वतःच्या खर्चाने आणतो. आणि तास कशाला, अर्धा तास बास."

"आता अटी तीन," मास्तर म्हणाले. "दर सोमवारी तुम्ही शाळेत यायचं. इंजिनात काय काय मोडतं ते शिकवायचं."

"मी काय मास्तर आहे?"

"तुम्हाला काय लागतं ते मला ठाऊक नाही, आणि मी काय शिकवतो ते तुम्हाला ठाऊक नाही. असंच चाललं तर माझी माणसं नुसते नट करत बसतील आणि तुमची इंजिनं अंगणात बसतील. चौथी अट..."

"अहो, मी कमी करतोय आणि तुम्ही वाढवताय?"

"प्रत्येक नकाराला एक. चौथी अट, घेतलात तर दोघांना घ्यायचं. एकटा माणूस परक्या दुकानात कोपऱ्यात बसतो."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली. "चालते व्हा! असल्या माणसाला माझ्या माठाचं पाणी पाजू? वर तुमच्या शाळेत येऊन ओरडू?"

मास्तरांनी शांतपणे फडकं गुंडाळलं. मी मगाशी त्यांच्यापुढे आमच्या माठातल्या पाण्याचा पेला ठेवला होता, मास्तर म्हणून. तो पेला तसाच भरलेला होता. ते उठले आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या बापूरावाच्या दुकानात शिरले. बापूराव माझा जुना वैरी. विडी संपायच्या आत त्याने सगळ्या अटी मान्य केल्या. त्याच आठवड्यात त्याच्या दुकानात दोन नवे गडी दिसले, आणि पंधरा दिवसांत माझ्या अंगणातली दोन इंजिनं बैलगाडीत चढून रस्ता ओलांडून गेली.

गडबडीत तिसरा नग माझ्या मुठीतच राहिला होता. सहा महिने तो टेबलावर पडून होता. मी टिचकी मारायचो, नट गिरगिरायचा, आणि मी समोर बघून दात खायचो. माझा माणूस बापूरावाने पळवला!

शेवटी, अंगणात एकच इंजिन उरलं तेव्हा, तो नग खिशात घालून मी भिंगारला गेलो. दुपारचे चार वाजलेले. शेडमध्ये मास्तर फळ्यावर नकाशा काढत होते. पुढच्याच फळीवर बापूरावाचा गडी सखाराम बसला होता.

"अटी सात झाल्यात," मास्तर मागे न वळता म्हणाले.

"सात? मी काय कांदे घेतोय?"

"कांदे उतरतात."

मी तडक सखारामपुढे गेलो आणि नग त्याच्या हातावर आपटला. "तू तिसरा ना? बापूराव देतो त्याच्यापेक्षा जास्त देतो. चल."

सखाराम उठून उभा राहिला. त्याने नगाकडे बघितलं, मग मास्तरांच्या पाठीकडे. हळूच मला बाहेर घेऊन गेला.

"अण्णा, माजा दुसरा नंबर हुता. ह्यो माजा न्हाई."

"मग कुणाचा? त्या दुसऱ्या गड्याचा?"

"न्हाई. ह्यो मास्तरांचा सोताचा हाय. दर येळेला आमच्या नगांत आपला येक टाकत्यात. कुनी त्योच उचलला अन् अटी मानल्या, तर सांगत्यात, त्यो गडी मोकळा न्हाई, ह्यो दुसरा घ्या."

"असं का?"

"तरनेपनी येका मोठ्या कारखान्यात गेलते. तितं त्येंचा नग समद्यांत चांगला ठरला. मग नाव इचारलं. अन् हातात झाडू दिला. तवापास्नं बगत्यात, नग उचलनारा नाव ऐकल्यावर काय करतोय."

असल्या माणसाला माझ्या माठाचं पाणी पाजू, असं मी ओरडलो होतो, ते त्या माणसाच्या तोंडावर. आणि तो फक्त फडकं गुंडाळून उठला होता. आवाज चढवला नव्हता, नाव सांगितलं नव्हतं. तापट डोक्याची माणसं मी पुष्कळ पाहिलीत, रोज आरशात एक पाहतो. पण एवढं गिळून त्याच पावली पिशवी काखेत घेऊन पुढच्या दारात जाणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

आत गेलो. "मास्तर, साती अटी मान्य."

मास्तर वळले. पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. "ऐका तरी. सातवी अवघड आहे. माठ एकच आहे ना, ते दर गुरुवारी मी स्वतः येऊन तपासणार."

"या."

सोमवारी मी फळ्यापुढे उभा राहिलो आणि घामाघूम झालो. मला नकाशा वाचता येत नाही, हे मास्तरांनी पहिल्याच मिनिटाला ओळखलं. पुढच्या सोमवारपासून अर्धा तास मी शिकवायचो आणि अर्धा तास टांगेवाल्याशेजारी बसून शिकायचो. माझ्याकडे दोन गडी आले. शेवटचं इंजिन अंगणातून निघालं आणि शेतमालकाच्या विहिरीवर धडधडू लागलं. त्याच्यामागून दुसरी इंजिनं दुरुस्तीला आली.

पहिल्या गुरुवारी मास्तर तपासणीला आले. दुकानात एकच माठ होता. रसूलभाईंनी पेला भरून पुढे केला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानेच प्याले, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. दुसरा पेलाही संपवला. मग वही काढली आणि पेन्सिलीने एक ओळ खोडली.

"सातवी अट काढली," म्हणाले. "आता तपासायला येणार नाही."

आयुष्यात मी पुष्कळांचे भाव पाडले, पण ही घट काही मला बरी वाटली नाही. "म्हणजे गुरुवारचं येणं बंद?"

मास्तरांनी वही पिशवीत घातली. टोपी सारखी केली. पायरीपाशी जाऊन, रस्त्याकडे बघत म्हणाले,

"पाणी प्यायला येईन."