स्वरालीचा नंबर आणि टेकडीवरचा बिबट्या

"सहा महिन्यांत पाऊण नंबर वाढलाय," सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नऊ वर्षांची स्वराली सोडून खोलीतले सगळेजण अपराध्यासारखे खाली बघू लागले. स्वराली समोरच्या तक्त्याकडे बघत होती. खालच्या तीन ओळींत तिच्या मते मुंग्या होत्या.

"आलेला नंबर घालवता येत नाही, पण त्याची चाल मंद करता येते," बाई म्हणाल्या. "रात्री झोपताना हे थेंब, चष्मा कायम डोळ्यावर, आणि रोज दोन तास घराबाहेर, उजेडात. खिडकीत बसणं म्हणजे घराबाहेर नव्हे. सहा महिन्यांनी दाखवा."

"ते दोन तास माझ्याकडे," आजोबा म्हणाले.

आजोबा म्हणजे गोपाळकृष्ण पाटणकर. छत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि अजून कोणाला तरी गुण द्यायला मिळावेत म्हणून त्यांचा हात शिवशिवत असे.

"आलाच आहात तर तुमचेही डोळे बघू का, सर?"

"माझे? अहो, माझी नजर अजून घारीची आहे."

"हो ना," वासंतीआजी म्हणाल्या. "काल घारीनं चहात मीठ घातलं."

धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत मैदान होतं, पण ते फक्त नकाशात. प्रत्यक्षात तिथे मोटारी उभ्या असत. म्हणून गच्ची ठरली. रोज साडेचार ते साडेसहा. पहिले आठ दिवस दोरीवरच्या उड्या झाल्या, लंगडी झाली. पण एकटं माणूस लंगडी खेळून खेळणार किती? स्वराली कंटाळली. मग सरांनी परीक्षा सुरू केली. स्वरालीनं लांबच्या दहा गोष्टी सांगायच्या, सरांनी कपाळावर आडवा हात धरून खात्री करायची आणि गुण द्यायचे.

"टेकडीवर एक माणूस म्हशी घेऊन चाललाय."

"किती म्हशी?"

"चार."

"बरोबर. पुढचं?"

तीन महिने मुलगी रोज दहापैकी दहा गुण मिळवत होती. घरून कॉम्प्युटरवर काम करणारी तिची आई वल्लरी कानातले इयरफोन काढून कौतुकानं विचारायची, "आज किती?" आणि सर छाती काढून सांगायचे, "पैकीच्या पैकी."

आणि मग माघातल्या एका संध्याकाळी स्वराली म्हणाली, "आजोबा, टेकडीवर बिबट्या बसलाय."

सरांनी कपाळावर हात धरला, टेकडीच्या जरा डावीकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर. दहापैकी दहा." मग त्यांच्या डोक्यात शब्द पोचला. "बिबट्या?!"

नातीचा हात धरून ते जिन्यानं खाली निघाले, तर दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन अभय भेटले. सरांनी टेकडीवरच्या बिबट्याची बातमी त्यांना सांगून टाकली.

"तुम्ही स्वतः पाहिलात, सर?"

भूगोलाचा मास्तर दोन प्रश्नांना कधी नाही म्हणत नाही. एक, रस्ता माहीत आहे का. आणि दुसरा, तुम्ही स्वतः पाहिलंत का.

"म्हणजे काय! ठिपक्यांसकट!"

अभय धावत गच्चीवर गेले. निवृत्त मास्तरांना दिसतो आणि चेअरमनांना दिसत नाही, असं कसं चालेल? तेही खाली येऊन म्हणाले, "दिसला. नर आहे." तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर अकरा जणांना बिबट्या दिसला. एकाला तर पिल्लांसकट दिसला.

दिसला नाही तो फक्त वॉचमन महिपतीला. "मी पाह्यलं ना जी," तो म्हणाला. "कुत्रं होय ते. आमच्या गडचिरोलीत म्या बिबट रोज पाह्यले."

"तुमच्या गडचिरोलीचं इथे नको," अभय म्हणाले. "पुण्याचा बिबट्या वेगळा असतो."

वनखात्याची माणसं आली, टेकडी पालथी घालून गेली. एक तपकिरी कुत्रं तेवढं सापडलं. "म्हणजे हुशार आहे, लपलाय," असा अभयनी निष्कर्ष काढला आणि फळ्यावर सूचना लागली: चारनंतर मुलांनी घराबाहेर पडू नये. बिबट्या झाडावर चढतो, त्या अर्थी गच्चीवरही चढू शकतो. सबब गच्चीला कुलूप.

सोसायटीतली सगळी पोरं घरात बसली आणि मोबाइलला चिकटली. चौथ्या दिवशी स्वरालीचं नाक पडद्यापासून वीतभर अंतरावर आलं.

"बाबा, दोन महिन्यांवर तपासणी आलीय," वल्लरी रडवेली होऊन म्हणाली. "पुन्हा पाऊण वाढला तर?"

सरांनी नातीला बाजूला घेतलं. "खरं सांग. बिबट्या होता?"

"नव्हता. कुत्रं होतं. आजी म्हणाली, एकदा खोटं सांगून बघ, बरोबर म्हणतात का."

"आणि त्या म्हशी?"

"म्हशी खऱ्या होत्या. पण नंतर मी एकदा हत्ती पण सांगितला होता. तुम्ही विचारलंत, किती?"

सरांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आजींकडे पाहिलं. त्या मटार सोलत होत्या.

"तीन वर्षं म्हणतेय, डोळे दाखवा," आजी मान वर न करता म्हणाल्या. "बिबट्या तुम्हीच खाली नेलात. आता तुम्हीच वर सोडून या."

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर पोरीचा नंबर वाढतो, बोलावं तर घारीची नजर जाते. सरांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांना गोळा केलं आणि घसा खाकरला.

"मला बिबट्या दिसला नव्हता. खरं म्हणजे मला टेकडीही दिसत नाही. मोतीबिंदू असावा. कुलूप काढा."

सरांना वाटलं, प्रश्न मिटला. पण अभय शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हाला दिसला नाही, म्हणून आम्हाला दिसलेला बिबट्याही खोटा का?" उरलेल्या दहा जणांनी माना डोलावल्या.

तेव्हा वासंतीआजी पुढे झाल्या. "बरोबर आहे. ज्यांना इथून नर-मादी कळली, त्यांनी उद्या पाच वाजता गच्चीवर यावं. महिपती टेकडीवर उभा राहून बोटं वर करील. किती, ते सांगायचं. चुकलं, तर कुलूप काढायचं."

"कबूल!" अभय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा जणांना नेमकी कामं निघाली. आले एकटे अभय. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, बराच वेळ टेकडीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तीन बोटं!"

"साहेब," मागून आवाज आला, "मी अजून गेलोच नाही जी." गच्चीची किल्ली हातात धरून महिपती त्यांच्या पाठीशी उभा होता.

त्या दिवसापासून गच्ची उघडी राहिली. आता एकट्या स्वरालीला लंगडी घालावी लागत नव्हती. चार दिवसांच्या मोबाइलनं घाबरलेल्या आयांनी बाकीचीही अकरा पोरं वर पिटाळली होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वरालीला भिंग बदलून बदलून वाचायला लावलं.

"पाव," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी पाऊण, या वेळी फक्त पाव. चाल मंदावलीय. थेंब आणि बाहेरचे दोन तास, दोन्ही चालू ठेवा." मग त्या सरांकडे वळल्या. "या घारीसाहेब, तुम्ही बसा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाल्यावर सरांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम स्वरालीनं मागून घेतलं. "वर बघा. पापणी मिटायची नाही. मोठ्या माणसांनी रडायचं नसतं," असं बजावून ती थेंब घाली आणि सर मुकाट्यानं वर बघत.

दुसरा डोळाही बरा झाल्यावर ती त्यांना गच्चीवर घेऊन गेली. "हं, आजोबा. लांबच्या दहा गोष्टी."

सरांनी नऊ सांगितल्या. पाण्याची टाकी, तिच्यावरचा कावळा, तारेवरचा फाटका पतंग, आणि खरोखरच्या तीन म्हशीसुद्धा.

"दहावी?"

सरांनी टेकडीकडे पाहिलं. या वेळी कपाळावर हात धरावा लागला नाही.

"झुडपामागे कोणीतरी दबा धरून बसलंय," ते म्हणाले. "डोक्याला लाल टोपी, गळ्यात दुर्बीण. शेजारी तपकिरी कुत्रं, बिस्किट खातंय. अगं, हे तर आपले चेअरमन! अजून शोधतायत?"

"रोज येतात. साडेचार ते साडेसहा," स्वराली म्हणाली. "बरोबर, आजोबा. दहापैकी दहा."