नमुना क्रमांक चार

प्रश्न फक्त एका नळकांड्याचा होता. मोटारसायकलच्या मागून धूर बाहेर सोडणारं, जेमतेम दोन हात लांबीचं नळकांडं. बाकी सगळं झालं होतं. इंजिन बांधून झालं होतं, टाकीला काळा रंग लागला होता, सीटला नवं कव्हर चढलं होतं आणि चाकांच्या तारासुद्धा ताणून झाल्या होत्या. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसत विचारलं, "साहेब, सायलेन्सर कोणता टाकू?" यावर कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, "तुम्हाला बरा वाटेल तो टाका." आमचे हेडक्लार्क म्हणाले, "विचार करून सांगतो."

इथेच सगळं बिघडलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांनी स्वतः होऊन एकही निर्णय घेतलेला नव्हता. कागद आला की त्यावर टिपण लिहायचं, सहपत्रं टाचायची आणि वर पाठवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. (घरीही हीच पद्धत होती. फक्त तिथे 'वर' म्हणजे स्वयंपाकघरात.)

त्यातून मोटारसायकल त्यांची नव्हती, सासऱ्यांची होती. एका सिलिंडरची, किक मारून सुरू होणारी, आणि मूड नसेल तर मारणाऱ्यालाच किक परत करणारी जुनी गाडी. सासरे कारखान्यात फोरमन होते. बावीस वर्षं ते त्या गाडीवर कामाला गेले. मग ती थकली, सुटी झाली आणि चार पोत्यांत जाऊन बसली. आता सासूसासरे घर रिकामं करून थोरल्या मुलाकडे, फार लांब, कायमचे राहायला निघाले होते. दोन आठवड्यांनंतरचा रविवार पक्का झाला होता. काही महिन्यांपूर्वी ती पोती जावयाच्या हवाली करताना सासरे म्हणाले होते, "जावईबापू, मला चालवायची नाहीये. गुडघे गेलेत माझे. जाण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकवा, बस्स."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासऱ्यांनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जावयाने भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकला आणि गिलावा, कॅलेंडर व खिळा असे तिघेही खाली आले. त्या दिवशी फोरमनसाहेबांनी काही न बोलता त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली, ती आजतागायत परत दिली नव्हती. आता त्याच हातांत त्यांनी आपली गाडी दिली होती. ही एक गोष्ट नीट व्हायला हवी, असं हेडक्लार्कांना मनापासून वाटत होतं.

पण मूळ सायलेन्सर होता कसा? तो चौथ्या पोत्याच्या तळाशी सापडला, पण तपकिरी पावडरच्या रूपात. पुरावा म्हणून उरला होता एक फोटो. फोटोत गाडी होती, गाडीपुढे सासूबाई होत्या, आणि सायलेन्सर नेमका सासूबाईंच्या मागे होता. हेडक्लार्क दोन दिवस तो फोटो भिंगातून न्याहाळत बसले.

"अहो, माझ्या आईकडे भिंगातून काय बघताय?" बायकोने विचारलं.

"आईंकडे नाही. आईंच्या मागे."

"मग भिंगाचा काय उपयोग? आई मोठी होणार, मागचं आणखी झाकलं जाणार."

हे खरंच होतं. ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी तीन सायलेन्सर बाकावर ओळीने मांडले. एक लांबलचक सरळ, एक बुटका बाटलीसारखा आणि एक शेवटी माशाच्या शेपटीसारखा चपटा झालेला.

"आवाज कसा पाहिजे?" मिस्त्रींनी विचारलं. "भरीव की मोकळा?"

"मध्यम."

"मध्यम असा आवाज नसतो, साहेब. हा लांब घेतला तर गाडी खर्जात बोलेल, पण चढावर दम लागेल. बुटका घेतला तर जोरात पळेल, पण शेजारी भांडायला येतील. शेपटीवाला दिसायला झकास आहे. फक्त आतली जाळी काढायची की ठेवायची, ते सांगा. काढली तर कार्बोरेटर नव्याने लावावा लागेल. ठेवली तर इंजिन घुसमटेल. अर्धी काढली तर काय होईल, ते मलाच माहीत नाही."

हेडक्लार्क मान डोलावत होते. मीटिंगमध्ये काही कळेनासं झालं की ते असेच डोलावत आणि मीटिंग संपत असे. इथे ती संपेना. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. (त्यांना युक्ती सुचली की ऑफिसातले लोक कागदपत्रं कुलुपात ठेवतात, असं म्हणतात.) तिन्ही सायलेन्सर एकेक करून बसवायचे, तिन्हींचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि सगळे नमुने घरच्या ग्रुपवर टाकायचे. आवाज ज्यांनी ऐकलाय, तेच निवडतील. निर्णय पुन्हा वर गेला, या कल्पनेनेच त्यांचं अंग हलकं झालं.

रविवारी सकाळभर मिस्त्रींनी सायलेन्सर काढले, बसवले, किका मारल्या. हेडक्लार्कांनी गाडीमागे उकिडवं बसून तोंडावर धूर घेत रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन आंघोळ केली, जेवले, दिवाणावर पडून दुपारभर विचार केला आणि संध्याकाळी मोबाइलमधले सगळे नमुने ग्रुपवर रवाना केले. सोबत मजकूर : 'विषय : सायलेन्सर निवडीबाबत. सर्वांनी कृपया अभिप्राय द्यावा.' पाठवण्याआधी एकदा ऐकावेत, असं त्यांच्या मनातही आलं नाही. ऑफिसात सहपत्रं वाचायची नसतात, टाचायची असतात.

पाच मिनिटांत सासऱ्यांचा फोन आला. हा माणूस फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे कधी गेला नव्हता. आज आवाज कापत होता.

"जावईबापू, चौथा! चार नंबर! अहो, तीच ती!"

"चौथा?" हेडक्लार्क म्हणाले.

"पहिले तीन कसलेतरीच आहेत हो, दुकानातल्या गाड्यांसारखे. पण चौथा! सुरुवातीला ती खोल घरघर, मग मध्येच दम खायची. श्वास रोखल्यासारखी थांबायची. आपण म्हणावं, गेली आता. आणि मग अशी उसळायची! कसं जमवलंत हो? मी तुम्हाला आजवर ओळखलंच नाही."

पाठोपाठ सासूबाई बोलल्या. "मी पोळपाट टाकून बाहेर धावले. म्हटलं, हे आले कारखान्यातून."

इकडे बायको खिडकीशी मोबाइल कानाला लावून उभी होती. डोळे भरलेले. "चौथाच," ती म्हणाली. "हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. अगदी रोज ऐकल्यासारखा वाटतो."

सगळ्यांचं एकमत झालं होतं. अडचण एवढीच होती की सायलेन्सर तीनच होते.

हेडक्लार्कांनी चौथा नमुना स्वतः ऐकला. खरंच काहीतरी घरघरत होतं, थांबत होतं, उसळत होतं. आपण हे कधी रेकॉर्ड केलं, ते काही केल्या आठवेना. चहा सांगायला गेलो होतो तेव्हा मिस्त्रींनी आणखी एखादा बसवून पाहिला असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गॅरेज गाठलं.

"चौथा काढा," ते म्हणाले.

"कोणता चौथा?"

"मी चहा सांगायला गेलो तेव्हा बसवलात तो."

"साहेब, चहा सांगायला मी गेलो होतो. तुम्ही स्टुलावर बसला होतात."

हेडक्लार्कांनी नमुना लावला. मिस्त्रींनी मोबाइल कानाशी धरला आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"साहेब, हा आपल्या गाडीचा आवाज नाही. हे कुठलंतरी पार खिळखिळं झालेलं इंजिन आहे. पन्नासएक वर्षांचं असेल. रिंगा गेल्यात. व्हॉल्व्ह चिकटतोय. हवा जिथून घ्यायला नको तिथून घेतंय. आणि हे ऐका, हे ऐका, इथे चार सेकंद चक्क बंद पडलंय! मग आपलं आपणच चालू! असं इंजिन मी जन्मात पाहिलं नाही. ज्याचं असेल त्याला म्हणावं, वेळेवर उघडून दाखव कोणालातरी."

"पण मला हाच आवाज पाहिजे."

"चांगलं इंजिन बिघडवू म्हणता?"

"थोडंसं," हेडक्लार्क म्हणाले.

पुढचे दहा-अकरा दिवस कसे गेले, ते दोघांनाच ठाऊक. ऑफिस सुटलं की हेडक्लार्क थेट गॅरेजमध्ये. लांब सायलेन्सरमध्ये तारेची घासणी कोंबून पाहिली, तर गाडी शिंकायला लागली. बुटक्याला भोकं पाडली, तर समोरच्या शिंपीणबाई शिलाई मशीन सोडून भांडायला आल्या. शेपटीवाल्याची जाळी उलटी बसवली, तेव्हा मात्र मधला थांबा अगदी हुबेहूब आला. दोघांनी आनंदाने एकमेकांकडे पाहिलं. पण गाडी जी थांबली, ती त्या दिवशी पुन्हा सुरूच झाली नाही. दर वेळी मोबाइलवर चौथा नमुना वाजायचा आणि मिस्त्री हळहळून म्हणायचे, "काय हाल आहेत बिचाऱ्याचे!"

इकडे सासऱ्यांचा रोज फोन. "आहे ना तोच? बदलला नाहीत ना?" हेडक्लार्क म्हणायचे, "नाही नाही." खोटं बोलल्याने त्यांची भूक गेली. शेवटी शनिवारी मिस्त्रींनी लांब सायलेन्सर परत बसवला, नट आवळले आणि म्हणाले, "साहेब, आता माझ्याच्याने होणार नाही. गाडी चांगली आहे, चांगली राहू द्या."

रविवारी सकाळी सासूसासरे घराची किल्ली मालकाला देऊन, चार बॅगा घेऊन लेकीकडे आले. संध्याकाळी टॅक्सी येणार होती, मग स्टेशन. सासरे आत न येता थेट अंगणातल्या गाडीकडे गेले. टाकीवरून हात फिरवला. सीट दाबून पाहिली. मग दोन पावलं मागे सरकून, हात मागे बांधून, डोळे मिटून उभे राहिले.

हेडक्लार्कांनी किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. धीरगंभीर, एकसारखा, स्वच्छ आवाज. कुठे घरघर नाही, कुठे थांबा नाही. मिस्त्रींनी अगदी फोरमनच्या गाडीला शोभेल असंच काम केलं होतं.

सासऱ्यांनी बराच वेळ ऐकलं. डोळे उघडले.

"छान झालीय," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण ही ती नव्हे."

"बाबा, तो चौथा नमुना..."

"असू द्या हो. तुम्ही पुष्कळ केलंत." त्यांनी जावयाच्या खांद्यावर थोपटलं. एवढ्या मायेने त्यांनी पूर्वी कधी थोपटलं नव्हतं, आणि म्हणूनच हेडक्लार्कांना फार लागलं. म्हाताऱ्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती. ती त्यांच्या मोबाइलमध्ये होती आणि त्यांना देता येत नव्हती. जेवणं उरकली. सासरे आतल्या खोलीत जाऊन पडले, सासूबाई बॅगा पुन्हा बांधायला बसल्या. पंधरवडाभर नीट न झोपलेले हेडक्लार्क बाहेरच्या दिवाणावर, नुसती पाठ टेकायची म्हणून, आडवे झाले.

त्यांना जाग आली ती सासऱ्यांच्या हाकेने. सासरे धापा टाकत दारात उभे होते. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. ते अंगणातून आले होते, आणि गुडघे गेलेला हा माणूस तिथे पळत गेला होता.

"अहो, बंद कशाला केलीत? आत्ता तर बरोबर लागली होती!"

"काय बंद केलं?" हेडक्लार्क उठून बसले.

"गाडी! मी आत पडल्या पडल्या ऐकली. तीच! घरघर, थांबा, उसळी, सगळं! धावत बाहेर गेलो, तर इंजिन थंडगार. हात लावून बघितला. मग गाडी चालू कोणी केली?"

हेडक्लार्क गोंधळून बायकोकडे बघू लागले. बायको त्यांच्याकडे बघत होती. मग तिने दिवाणाकडे पाहिलं, मग उशाजवळच्या मोबाइलकडे, आणि एकदम तोंडाला पदर लावून ती मटकन खुर्चीत बसली.

"अगं, काय झालं?" सासूबाई घाबरल्या.

"त्या रविवारी..." बायकोला बोलवेना. "त्या रविवारी जेवण झाल्यावर हे विचार करायला म्हणून इथेच आडवे झाले होते. मोबाइल छातीवर ठेवून. झोपेत रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं असणार!"

हेडक्लार्कांना तरीही कळायला थोडा वेळ लागला. मिस्त्रींचं वाक्य न् वाक्य त्यांना आठवत गेलं. रिंगा गेल्यात. व्हॉल्व्ह चिकटतोय. कोणालातरी उघडून दाखव. ते कानापर्यंत लाल झाले.

"मी घोरत नाही," ते म्हणाले.

सासूबाई हसू दाबायला तोंड फिरवून बॅगेचं कुलूप चाचपू लागल्या. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली वेताची खुर्ची उचलून दिवाणाला लावून ठेवली, तीत नीट टेकून बसले, हात पोटावर जुळवले आणि डोळे मिटले.

"टॅक्सीला अजून पाऊण तास आहे," ते म्हणाले. "निजा परत, जावईबापू. आणि कुशीवर नको, उताणे निजा. कुशीवर आवाज कोंडतो."