मूळपुरुष आणि इतर

कोणत्याही सुसंस्कृत व्यवस्थेत माणसांचे तीनच प्रकार असतात: मालक, गट आणि इतर. दादाच्या संगणकात ही व्यवस्था अंगभूतच होती. तिथे माइक, प्रिंटर, कॅमेरा असं प्रत्येक उपकरण म्हणजे एक फाइल, आणि तिला कोणी हात लावायचा याची परवानगी ठरलेली. मालकाचं नाव ‘रूट’. रूट म्हणजे मूळ. म्हणून दादा स्वतःला घराचा मूळपुरुष समजे (आजोबा शेजारच्या खोलीत खोकत असूनही). गटात त्याचे मित्र, जे या घरात राहतही नव्हते. आई, आजोबा आणि धाकटी बहीण हे ‘इतर’. म्हणजे घरातली पंच्याहत्तर टक्के लोकसंख्या.

मागितली की दादा उदार मनाने परवानगी देई. फक्त संगणक पुन्हा सुरू झाला की ती पुसली जाई. सुरू होताना संगणक जी फाइल वाचतो, तिच्यात एक ओळ लिहिली असती तर परवानगी कायम टिकली असती. पण मग रोज मागायला कोण आलं असतं? (प्रशासनात याला लोकसंपर्क म्हणतात.)

धाकटी ऑनलाइन वक्तृत्व स्पर्धेत उतरली होती. उपान्त्य फेरीत माइक मुका राहिला. पण विषय ‘मौनाचे महत्त्व’ असल्याने परीक्षक भारावले आणि ती अंतिम फेरीत पोचली. तिथला विषय होता ‘माझा आवाज’. आता तीच युक्ती चालणार नव्हती.

नेमकी त्या दुपारी वीज गेली, आली आणि परवानगी उडाली. दादा सलूनमध्ये. धाकटीने फोन लावला.

“दादा, माइक!”

“गालाला फेस लागलाय. मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.”

“अरे, आत्ता पुकारतील मला!”

“जरा दम धर. सिस्टिममधलं तुला काय कळतं?”

पासवर्ड अत्यंत गुप्त होता. दादा तो टाइप करताना फक्त मोठ्याने म्हणे. आजोबांना पाठच होता. धाकटीने सुरू होताना वाचली जाणारी ती फाइल उघडली, एक ओळ घातली (माइक: सर्वांना), आणि संगणक पुन्हा सुरू केला.

“हॅलो?”

पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी टुणकन उडाली.

दादा अर्ध्या दाढीनिशी धावत आला, तेव्हा धाकटी रंगात येऊन बोलत होती.

“परवानगी कोणी दिली हिला?”

आईने ओठांवर बोट ठेवलं. मौनाचं महत्त्व मूळपुरुषाला तेव्हा कळलं.

अशी व्यवस्था घरोघरी असते. ‘आमच्याकडे नाही हं असलं काही,’ असं तुम्ही आत्ता म्हणाला असाल, तर अभिनंदन. मालक तुम्हीच आहात.